विमानाला पाणी मारताना

विमानाचं सगळं झालं होतं, फक्त झाकण राहिलं होतं.

'झाकण' हा शब्द पृथ्वीराज इंगवलेला आवडत नसे. पुस्तकात त्याला कॅनॉपी म्हणतात, असं तो भेटेल त्याला सांगे. पण कोल्हापुरात कळंब्याच्या बाजूच्या त्या कॉलनीत कॅनॉपी म्हणजे एकतर लग्नातला मांडव, नाहीतर जनरेटरवरची पेटी. विमानावर या दोन्ही गोष्टी शोभत नसल्यामुळे झाकणच रूढ झालं. 'झाकण कधी बसवतायसा?' असं लोक विचारत, लोणच्याच्या बरणीबद्दल विचारावं तसं.

विमान घराशेजारच्या पत्र्याच्या शेडमध्ये होतं. दोन माणसांचं, शेजारी शेजारी बसायचं. पंख काढून भिंतीला टेकवून ठेवले होते, आणि क्रांती, म्हणजे पृथ्वीराजची बायको, त्यांच्यावर पापड वाळत घालत नव्हती. हा तिचा त्या प्रकल्पाला असलेला जाहीर पाठिंबा होता.

पोराचं नाव पृथ्वीराज ठेवताना वडिलांनी त्याची हद्द ठरवून दिली होती, असं म्हणायला हरकत नाही. पण नोकरीही त्याने जमिनीवरचीच धरली होती. शिरोलीच्या एका फौंड्रीत तो क्वालिटीला होता. दिवसभर लोखंडाचे ओतीव भाग उलटेपालटे करून त्यातली भोकं शोधायची, त्यांवर तांबड्या खडूने फुली मारायची आणि परत पाठवायचे, याचा त्याला पगार मिळे. दुसऱ्याच्या कामातली भोकं शोधून जगणाऱ्या माणसाचं स्वतःचं छत गळावं हा अन्याय होता, पण तो झाला होता. गच्चीचं वॉटरप्रूफिंग त्याने पुस्तक वाचून स्वतः केलं, आणि पहिल्याच पावसाळ्यात ते नेमकं सासऱ्यांच्या, म्हणजे नेसरीच्या धोंडीरामअण्णांच्या, ताटात गळलं. अण्णांनी ताट वीतभर बाजूला सरकवलं आणि जेवत राहिले. काही बोलले नाहीत. बोलले असते तर पृथ्वीराजला इतकं लागलं नसतं.

तर विमानात पहिल्यांदा शेजारी कोण बसणार, हा प्रश्न होता. लोकांना वाटायचं, हा कुणालाही बसवेल. खरं म्हणजे त्याला दुसरं कुणी बसलेलं चालणार नव्हतं. क्रांती बसली नाही तर विमान उडालं काय आणि शेडमध्ये कोंबड्यांना दिलं काय, त्याच्या लेखी सारखंच होतं. हे त्याने तिला सांगितलं नव्हतं, कारण असली वाक्यं बोलायची त्या घरात पद्धत नव्हती. त्याने फक्त विचारलं, "बसशील ना?"

"बसतो की," क्रांती भाकरी थापता थापता म्हणाली. कोल्हापुरात बायका अशाच बोलतात. "पर वरनं एक थेंब अंगावर पडला तर उतरणार. मग कुठं का असंना."

"आपण वर असलो तर?"

"तर वरनं उतरणार."

ती हसली नाही, त्यामुळे तोही हसला नाही.

झाकण बेळगावहून आलं. ॲक्रेलिकचा एकसंध, पारदर्शक घुमट. हापूस आंबा उभा कापून पालथा घालावा तसा. पृथ्वीराजने तो गोधडीत गुंडाळून एसटीतून मांडीवर आणला. कंडक्टरने गोधडी जरा उचलून बघितली आणि याचं अर्धं तिकीट पडेल असं सांगितलं. पृथ्वीराजने वाद घातला नाही. खिडकीची जागा मात्र मागितली.

घुमट आला त्या संध्याकाळपासून सल्ले सुरू झाले. समोरचे पिराजीतात्या निवृत्त एसटी ड्रायव्हर. त्यांचं मत पडलं की चार नटबोल्ट आवळले की विषय संपला. भोक पाडलं तर ॲक्रेलिकला तडा जातो, म्हणून हे चिकटवायचं असतं, असं पृथ्वीराजने समजावलं. "चिकटवून?" तात्या म्हणाले. "इमान?" आणि ते घरात जाऊन पाणी पिऊन आले. शेजारच्या आक्कांनी डांबर सुचवलं, वर गोणपाट. पाठोपाठ प्रत्येक घरातून, कधीकाळी नळ नाहीतर कुंडी गळत होती तेव्हाची, अर्धवट उरलेली पुट्टी यायला लागली. कोल्हापूरच्या मध्यमवर्गात किती गोष्टी गळत असतात याचा पृथ्वीराजला तोवर अंदाज नव्हता. सगळे डबे वाळून दगड झाले होते. लोकांनी ते तरीही 'लागलं तर असूं दे' म्हणून ठेवून दिले.

एप्रिलच्या एका रविवारी काम काढलं. घुमटाची कड आणि विमानाची बिजागरीवर उघडणारी चौकट घासून, पुसून इतकी स्वच्छ करायची की बोटाचा तेलकटपणाही लागता कामा नये, असं डिंकाबरोबरच्या पुस्तिकेत होतं. पृथ्वीराजने ती केली. तात्यांनी कडेवरून बोट फिरवलं आणि स्वच्छ झाल्याचा निर्वाळा दिला. पृथ्वीराजने पुन्हा पुसलं. मग आक्कांनी, तात्यांनी नक्की कुठे बोट लावलं ते बोट लावून दाखवलं. असं तीनदा झाल्यावर क्रांतीने दोघांच्याही हातात चहाचे कप दिले, आणि हात गुंतलेले आहेत तोवर पृथ्वीराजने तो काळा, जाड डिंक बंदुकीतून एका दमात कडेवर सोडला आणि घुमट बसवला.

आता तो दाबून ठेवायचा प्रश्न. आधी गव्हाच्या पिशव्या ठेवून बघितल्या. घुमटावरून पिशवी घसरते, हे शास्त्र तिथल्या तिथे सिद्ध झालं. शेवटी तात्यांनी पंक्चरवाल्याकडून टायरच्या जुन्या ट्यूबा आणल्या, त्यांच्या पट्ट्या कापल्या आणि विमानाच्या पोटाखालून घेऊन घुमटाला आवळून बांधल्या. डोकं फुटलेल्या पैलवानासारखं विमान दिसायला लागलं, पण घुमट हलेना. तात्यांनी डाव्या हाताने डोक्याचा घाम पुसला आणि पृथ्वीराजकडे असं बघितलं, की विमानाचा शोध लावणाऱ्यांत आता आपलंही नाव घालायला हरकत नाही.

पुस्तिकेतलं शेवटचं वाक्य एवढंच होतं, की आता आठवडाभर क्युअरिंग होऊ द्यावं.

इथे घात झाला.

कोल्हापुरात ज्याने म्हणून घर बांधलं त्याला क्युअरिंग शिकवावं लागत नाही. क्युअरिंग म्हणजे पाणी मारणं. स्लॅब टाकला की त्यावर वाफे करायचे, कॉलमला गोणपाट गुंडाळायचं आणि सकाळ-संध्याकाळ भिजवायचं. लुंगी लावून, एका हातात पाईप आणि दुसऱ्या हातात चहा घेऊन स्वतःच्या बांधकामाला पाणी मारणं हा साध्या माणसाच्या आयुष्यातला एकुलता एक राजेशाही काळ असतो. कॉलनीतल्या प्रत्येकाने तो भोगला होता आणि प्रत्येकाला तो संपल्याचं दुःख होतं.

पृथ्वीराजला शंका आली नाही असं नाही. पण त्याची गच्ची गळते ती पाणी कमी मारल्यामुळे, असं तात्या चारचौघांत गेली काही वर्षं सांगत होते. "तवा ऐकला न्हाईस," तात्या म्हणाले. "आता तरी मार." पृथ्वीराजने घुमटाकडे बघितलं. त्याला त्याखाली बसलेली क्रांती दिसली, आणि वरून पडणारा थेंब दिसला. त्याने नळाला पाईप लावला.

पहिल्या दिवशी त्याने एकट्याने मारलं. दुसऱ्या दिवशी सकाळी तो कामावर गेल्यावर तात्यांनी मारलं, कारण ऊन वाढलं होतं. दुपारी आक्कांनी ओलं गोणपाट गुंडाळलं. संध्याकाळी कोपऱ्यावरचे निवृत्त मास्तर येऊन म्हणाले की पाईपच्या धारेने माती जाते, झारीने मारावं. इथे माती नाही हे त्यांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, मग तर झारीच. लोक फिरायला जाताना शेडमध्ये डोकवत आणि एखादा तांब्या ओतून पुढे जात. कुणी पाणी न मारता नुसताच गेला तर कॉलनीभर त्याला बोल लागत.

ओलावा अखंड राहावा म्हणून आक्कांनी घरचं तांब्याचं पात्र आणलं. बुडाला भोक, त्यात वात. ते त्यांनी शेडच्या वाशाला टांगलं. घुमटाच्या माथ्यावर थेंब थेंब पाणी पडायला लागलं.

हे सोमवारी झालं, ही पृथ्वीराजची दुसरी चूक. रस्त्यावरून बघणाऱ्याला काय दिसत होतं? काळ्या पट्ट्यांत बांधलेला, ओला, चकचकीत घुमट आणि त्यावर संथ ठिबकणारं तांब्याचं पात्र. संध्याकाळी एक अनोळखी बाई पायताण बाहेर काढून आत आली आणि हात जोडून उभी राहिली.

"बाई, हे विमान आहे," पृथ्वीराज शक्य तितक्या मर्यादशीलपणे म्हणाला.

"असूं दे की," बाई म्हणाली. "आमी कुठं काय म्हनलं." तिने बेलाचं पान ठेवलं, प्रदक्षिणा घालायला लागली आणि शेपटाला अडखळली. मग शेपूट ओलांडायचं नसतं असं समजून अर्ध्यातूनच परत फिरली.

दुसऱ्या दिवशी चार बायका आल्या. त्यांतल्या एकीने शेपटापासून परत फिरायचं असतं हे बाकीच्यांना समजावून सांगितलं. उदबत्ती लावायला पृथ्वीराजने ठाम मनाई केली, कारण पुढे पेट्रोलची टाकी होती. तर हे देवस्थान कडक आहे, अशी बातमी पसरली. फौंड्रीतून येऊन दमलेला माणूस स्वतःच्या विमानापाशी जायला रांगेत उभा राहतो, हा प्रसंग त्याने आयुष्यात कल्पिला नव्हता. आक्का म्हणाल्या, "मागनं या, पावणं," आणि मग ओळखून, "तू व्हय. तरी मागनंच ये."

कॉलनीतल्या नळांचा दाब पडला तो याच आठवड्यात. त्याचा माग काढत एक सरकारी गृहस्थ सायकल दामटत आले. हातात पाटी, पाटीला कागद, कानाला पेन. त्यांनी शेडबाहेर वाहणारं पाणी बघितलं, पाईप बघितला, ओलं गोणपाट बघितलं आणि खुर्ची मागवून बसले.

"बांधकाम चालू हाय," ते म्हणाले. "परवाना?"

"अर्ज केलाय," पृथ्वीराज म्हणाला. "दिल्लीहून यायचाय."

साहेबांचं पेन थांबलं. शेडला दिल्लीचा परवाना लागतो हे त्यांना कुणी कळवलं नव्हतं. पण न कळवलेली गोष्ट माहीत नाही असं दाखवायची त्यांच्या खात्यात रीत नव्हती.

"उंची किती जानार?"

"तीन हजार फूट. सुरुवातीला कमी ठेवणार."

"चारी बाजूंनी जागा सोडली का?"

"वर गेल्यावर भरपूर आहे."

"शेजाऱ्यांची हरकत?"

"आमच्या घरावरनं न्हेनार नसला तर काय न्हाय," तात्या म्हणाले.

साहेबांनी पाटी मांडीवर पालथी ठेवली. मग पृथ्वीराजने त्यांना गोणपाट बाजूला करून विमान दाखवलं, झाकण चिकटवलंय, डिंकाचं क्युअरिंग चाललंय, हे सविस्तर सांगितलं. साहेबांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजे डिंकाला पानी मारताय," ते म्हणाले.

"हो."

"पाकिटावरचं तिकीट काढायचं असलं तर काय करतासा?"

मास्तरांनी झारी खाली ठेवली.

"पान्यात भिजवतासा," साहेब म्हणाले. "आन् चिकटवायला बी पानीच मारतासा. बरं हाय." त्यांनी कागदावर काहीतरी लिहिलं, खोडलं, आणि पाणी बंद करायला सांगून सायकलवर बसून निघून गेले.

शेडमध्ये बरीच माणसं होती आणि वरच्या पात्रातून थेंब पडतच होते. आक्कांनी हात वर करून वात ओढून काढली. मास्तर म्हणाले, झारीने इतकं आत मुरलं नसणार. तात्या म्हणाले, त्यांनी आपलं पृथ्वीराज म्हणाला म्हणून मारलं, त्यांना काय विमानातलं कळतंय. बघता बघता असं ठरलं की कॉलनीतल्या कुणीच पाणी मारलेलं नाही. पाच मिनिटांत शेड रिकामं झालं. त्या दिवसापासून भक्तही यायचे थांबले. देवाला पाणी बंद करणारा माणूस बरा नसतो.

पृथ्वीराजने गोणपाटं काढली, फडक्याने पाणी टिपलं आणि घरातले दोन्ही पंखे विमानाकडे तोंड करून लावले. क्रांतीने काही न विचारता केस वाळवायचं यंत्रही आणून दिलं. ती दारात उभी राहिली.

"सुटलंय का?" तिने विचारलं.

"पट्ट्या सोडल्याशिवाय कळणार नाही."

"मग सोडा की."

"नको," तो म्हणाला. रोज दुसऱ्यांच्या मालावर एका नजरेत फुली मारणारा हा माणूस आपल्या घुमटाच्या कडेकडे बघायलाही तयार नव्हता. क्रांतीने ते पाहिलं. ती म्हणाली, "मग आधी डिंकवाल्याला तरी इच्यारा," आणि चहा ठेवायला गेली.

दुसऱ्या दिवशी त्याने एसटीडी बूथवरून डिंकाच्या कंपनीला मुंबईला फोन लावला. काचेबाहेर तात्या, आक्का आणि मास्तर सहज आल्यासारखे उभे होते. आपल्या एका मित्राने असं असं केलं, असं पृथ्वीराजने सुरू केलं. मित्राने गोणपाट गुंडाळलं. मित्राने पात्र टांगलं. पलीकडचा माणूस इतका वेळ गप्प राहिला की पृथ्वीराजने दोनदा हॅलो म्हटलं.

मग त्या माणसाने सांगितलं ते असं. हा डिंक तिकिटाचा नव्हे. हा दमटपणा शोषूनच घट्ट होतो. एप्रिलची तुमच्याकडची कोरडी हवा, नुसता ठेवला असता तर महिनाभर आतून ओलाच राहिला असता. तेव्हा मित्राने केलं ते चुकलं नाही. फक्त ओलसर फडकं पुरलं असतं. इतकं पाणी मारायला मित्राला कुणी सांगितलं?

"त्याच्या शेजाऱ्यांनी," पृथ्वीराज म्हणाला.

तो बाहेर आला. तिघांनी त्याच्याकडे बघितलं. पाणी बरोबर होतं, असं त्याने सांगितलं.

"मग बंद कुनी केलं?" तात्यांनी विचारलं.

घरी पोचेपर्यंत सगळ्या कॉलनीला माहीत झालं होतं, की लोकांनी जीव तोडून पाणी मारत आणलेलं काम पृथ्वीराजने घाबरून मध्येच थांबवलं. आक्कांनी पात्र परत टांगलं. टांगताना त्यांनी पृथ्वीराजच्या डोक्यावर दोन थेंब पडू दिले.

पुढच्या रविवारी पट्ट्या सोडल्या. घुमट जागचा हलला नाही. तात्यांनी दोन्ही हातांनी उचलून बघितला तर त्यांच्या बरोबर विमानाचं नाक उचललं गेलं, घुमट नाही. मग कडी काढून क्रांती विमानात बसली, मांडीवर त्या दिवशीचं वर्तमानपत्र पसरलं आणि झाकण लावून घेतलं. बाहेरून तात्यांनी पाईपने, मास्तरांनी झारीने आणि आक्कांनी बादलीने हल्ला केला. घुमटावरून पाण्याचे पाट वाहत होते आणि आत क्रांती पान उलटत होती. तिने नळाला पाणी आलंय तोवर कळशी भरून घ्यायची खूण केली आणि आतल्या पानावरचं राशिभविष्य वाचून मगच बाहेर आली. कागद कोरडा होता.

"झालं?" पृथ्वीराजने विचारलं.

"कोरडं हाय," क्रांती म्हणाली. तिच्याकडून एवढं आलं म्हणजे पुष्कळ होतं. तो त्या रात्री दोन भाकरी जास्त जेवला.

परवानगी यायला थंडी पडली. तीही उडवायची नव्हे. जमिनीवरून पळवून दाखवा, चाकं वर उचलायची नाहीत, अशी. शिरोळजवळ नदीच्या अंगाला एका ओळखीच्या शेतकऱ्याची उसामधली लांब, सरळ, सपाट पट्टी मोकळी होती. ट्रॉलीवर घालून विमान तिथे नेलं आणि पंख जोडले. सकाळी धुकं उतरलं होतं. तात्या कानाला मफलर गुंडाळून बांधावर उभे राहिले.

क्रांतीने स्वेटरवर पदर खोचला आणि पृथ्वीराजच्या शेजारी बसली. त्याने झाकण ओढून कडी लावली. बाहेरचा आवाज असा तुटला की दोघांना एकमेकांचा श्वास ऐकू यायला लागला. त्याने इंजिन सुरू केलं. विमान थरथरलं आणि गवतावरून पळायला लागलं.

जरा पुढे गेल्यावर काच पांढरी झाली. आधी कडेने, मग वर, मग समोर. पृथ्वीराजने बाहेर बघायचा प्रयत्न केला तर त्याला दूध दिसलं. त्याने वेग कमी केला आणि वर बघितलं. क्रांतीच्या डोक्यावर, घुमटाच्या अगदी माथ्यावर एक थेंब तयार होत होता. तो लोंबला. जाड झाला. तो सुटला आणि तिच्या हातावर पडला.

पृथ्वीराजने विमान थांबवलं. इंजिन फटफट करत राहिलं. तो तिच्याकडे न बघता म्हणाला, "उतरायचंय?"

क्रांतीने हातावरचा थेंब बघितला. मग बोटाने काचेवर एक रेघ ओढली. रेघेतून हिरवा ऊस दिसला.

"आतनं पुसतंय," ती म्हणाली. "म्हंजे पानी आतलं हाय. आपल्याच तोंडची वाफ हाय ही. बाहेरनं काय आलेलं न्हाय."

आता गप्प बसावं, एवढं कुणालाही कळलं असतं. पण पृथ्वीराज क्वालिटीचा माणूस होता. "तू बाहेरचा थेंब म्हणाली नव्हतीस," तो म्हणाला. "वरनं एक थेंब, एवढंच म्हणाली होतीस. हा वरनंच पडलाय."

क्रांतीने बोट काचेवरून काढलं आणि त्याच्याकडे वळली.

"तुमाला मी उतरायला पायजे हाय व्हय?"

"नको," पृथ्वीराज म्हणाला. आणि काय वाटलं कोण जाणे, पुढे म्हणाला, "तू नसलीस तर मला हे उडवायचंच नाही."

इंजिनाच्या आवाजात तिला ऐकू गेलं की नाही हे त्याला कळलं नाही. तिने दोन्ही तळव्यांनी समोरची काच लख्ख पुसून काढली आणि हात पदराला पुसले.

"मग गप चालवा," ती म्हणाली. "आन् श्वास जरा कमी घ्या."

पृथ्वीराजने श्वास रोखला आणि वेग वाढवला. त्या खेपेला, उसाची टोकं धुक्यातून मागे पळत असताना, विमान जमिनीपासून हातभर उचललं गेलं आणि मग अलगद खाली टेकलं. परवानगी पळवण्यापुरतीच असल्यामुळे ही गोष्ट त्याने कुणालाही सांगितली नाही.

कॉलनीत ती क्रांतीने सांगितली, घरोघर जाऊन. हातभर नव्हे, पुरुषभर.